आधी खोकं उघड, मग कार्डाचं बोल

"काकू, ग्राफिक्स कार्डाला किती पैसे पडतात हो?"

काकू भिंतीपलीकडे गवती चहा कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुणाला हवंय? तुला की चिरंजिवांना?"

"मला कशाला! कॉलेजचं प्रोजेक्ट आहे म्हणतोय. अ‍ॅनिमेशनचं. ब्लेंडर नावाचं काहीतरी असतं, त्याला लागतं म्हणे."

"प्रोजेक्ट आहे, की आहे म्हणतोय?"

नेमकं तिथंच बोट. आमच्या काकू म्हणजे तंत्रनिकेतनाच्या कॉम्प्युटर लॅबमधून निवृत्त झालेल्या. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणाचा सीपीयू बंद पडला की तो आधी काकूंच्या ओट्यावर येतो, आणि त्याच्यासोबत त्या घरातली निम्मी बातमीही येते. त्यामुळं कॉम्प्युटरचं काही विचारायला गेलं की चार घरांची खबर फुकट मिळते. मी काही फक्त कार्डासाठी गेले नव्हते, हे कबूल करायला हरकत नाही.

"तुमचा सीपीयू तोच ना गं, दिवाळीत आणलेला? कुठल्याशा ऑफिसातून निघालेला?"

"तोच. डेलचा, काळा. मॉनिटरसकट नऊ हजारांना पडला."

"मग किंमत नंतर. आधी खोकं उघडून बघ, त्याला काय झेपतंय ते. नाहीतर कोपऱ्यावरच्या सरांच्या लेकासारखं व्हायचं."

"त्यांच्या लेकाचं काय झालं?"

काकूंनी कात्री खाली ठेवली. म्हणजे गोष्ट मोठी होती.

"काय व्हायचं! ऑनलाइन सेल लागला. त्यानं रात्री जागून एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी मागवलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. घरी आल्यावर बघतो तर कार्डाच्या डोक्यावर ६ पिनचं तोंड. त्यात घालायला वायर पाहिजे ती थेट एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या विजेच्या डब्यातून आलेली. त्याचा सीपीयू तुमच्यासारखाच ऑफिसचा. ऑफिसात टायपिंग करायला घेतलेल्या मशीनला असली वायर कंपनी देईल कशाला?"

"मग?"

"मग कुणीतरी त्याला शंभर रुपयांची जोडवायर दिली. हार्ड डिस्कच्या साटा पिनेतून वीज घ्यायची आणि कार्डाच्या ६ पिनेत घालायची. आता साटाच्या त्या कनेक्टरची ताकद ५४ वॉटची, आणि ६ पिन ७५ पर्यंत मागू शकते. आठवडाभर चाललं. एक दिवस सर पूजेला बसलेले, आणि त्यांना वाटलं उदबत्तीला वेगळाच वास येतोय! प्लास्टिक वितळलेलं. बाई गं, खोली पेटली नाही हे नशीब. सरांची बायको भाजीवाल्याकडे सांगत होती, 'आमच्याकडं शॉर्टसर्किट झालं.' शॉर्टसर्किट कसलं, लेकाचा उतावळेपणा!"

मी तेवढ्यात मुलाला हाक मारली. साहेब कानातली बोंडं काढत आले. काकूंनी फर्मान सोडलं, "सीपीयू उचल आणि इथं भिंतीवर आण. मागच्या वायरी काढून. आणि येताना आईची शिवणाची टेप आण."

खोकं आलं. बाजूची कडी ओढल्याबरोबर पत्रा निघाला. आत धुळीची गादी. काकूंनी फुंकर मारली नाही, रंगाचा बारीक ब्रश मागवला आणि पंख्याच्या पात्याला बोट लावून, तो फिरू न देता, पातं-पातं झाडलं. मग चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन वरच्या कोपऱ्यातल्या एसएमपीएसवरचं लेबल वाचलं.

"ऑप्टिप्लेक्स ९०२०, मिनी टॉवर. एसएमपीएस २९० वॉट. प्रोसेसर आय ५, चौथ्या पिढीचा, ४५९०. हा २०१४ चा. बरं झालं टॉवर घेतलात. ह्याचाच बारका भाऊ येतो, आडवा ठेवायचा, त्यात अर्ध्या उंचीचीच कार्डं बसतात. पलीकडच्या बँकवाल्या वहिनींकडं तो आहे. तिथं निवडच संपते."

"काकू, २९० पुरतील का? कार्डाच्या बॉक्सवर ५५० लिहिलेलं असतं," चिरंजीव म्हणाले.

"बॉक्सवर लिहितात ते सगळ्या जगाच्या भरवशाच्या नसलेल्या एसएमपीएसांना धरून. तू बेरीज कर. हा प्रोसेसर ८४ वॉटचा. बोर्ड, डिस्क, रॅम, पंखे मिळून चाळीस धर. आणि ही बघ ती लांब खाच." काकूंनी ब्रशच्या दांड्यानं दाखवली. "ही पीसीआय एक्सप्रेसची १६ लेनची खाच. ह्यातून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, नियमानंच. झाले किती?"

"दोनशे."

"म्हणजे ज्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही ते इथं बिनघोर चालतं. ज्याला लागते त्याचं नावसुद्धा काढायचं नाही."

"एसएमपीएस बदलला तर?"

"बदलता येतो. पण ह्या डेलच्या बोर्डाला नेहमीची २४ पिनची वायर बसत नाही, ८ पिनची लागते. २४ ची ८ करणारी केबल मिळते. म्हणजे एसएमपीएस आला, केबल आली, कार्ड आलं, आणि तुमच्या घरातला ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट पेलतो, तोही बदलायला आला. वीज गेली की सगळं एकदम बसेल. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. पैसे कुणाच्या पर्समधून जाणार आहेत ते त्यांना पक्कं ठाऊक.

मग टेप लावून खाचेपासून पुढच्या पत्र्यापर्यंत अंतर मोजलं. एका पंख्याचं कार्ड साधारण १७-१८ सेंटीमीटरचं असतं, ते निवांत बसेल म्हणाल्या. तीन पंख्यांची लांबलचक कार्डं दिसायला छान, पण इथं हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला टेकतील.

"म्हणजे साधं जीटी ७३० घेऊ या का?" मी मध्येच तोंड घातलं. दुकानात विचारून आले होते ना मी. "दुकानदार म्हणाला ४ जीबीचं आहे, स्वस्त आहे, सगळं चालेल."

मायलेकांच्या मध्ये काकू ज्या काही हसल्या!

"४ जीबी, ४ जीबी! ह्यावरच गल्लीतली निम्मी माणसं फसतात. अगं, टाकी हजार लिटरची बसवली आणि नळ ठिबकचा ठेवला तर बादली कधी भरायची? जीटी ७३० च्या त्या ४ जीबी कार्डात मेमरी जुनी डीडीआर ३, सावकाश चालणारी. जीबीचा आकडा मोठा दिसतो म्हणून खपतं. आणि त्याच्या वरचं जीटी १०३० तर अजून गमतीचं. २०१७ ला आलं तेव्हा त्यात जीडीडीआर ५ होती, सेकंदाला ४८ जीबी माल इकडून तिकडं करायची. पुढच्या वर्षी त्याच नावानं डीडीआर ४ वालं काढलं. त्याचा वेग १६.८. नाव तेच, बॉक्स तसाच, बारीक अक्षरांत फरक. तुमच्या ह्या प्रोसेसरच्या पोटात इंटेलचं एचडी ४६०० आहेच. असली सावकाश मेमरीची कार्डं लावून त्याच्यापेक्षा फार काही पदरात पडत नाही."

"मग घ्यायचं कुठलं?"

"ते ह्याच्यावर आहे," काकूंनी चिरंजिवांकडं ब्रश रोखला. "खरं सांग. व्हॅलोरंट की ब्लेंडर?"

"ब्लेंडर, काकू. शपथ."

"व्हॅलोरंट असेल तरी सांग, मी काही आईला सांगणार नाही." आई दोन फुटांवर उभी! "व्हॅलोरंटला काही लागत नाही. सेकंदाला १४४ फ्रेमसाठीसुद्धा खेळ काढणाऱ्यांनी स्वतः जीटीएक्स १०५० टीआय लिहिलंय. जीटीए ५ असेल तर तो २०१५ चा, त्याला जीटीएक्स ६६० पुरायचं. असल्या खेळांना सेकंड हँड जीटीएक्स १६५० घे आणि मोकळा हो. ७५ वॉटचं आहे, बहुतेकांना वायर लागत नाही. मात्र काही कंपन्यांनी त्यालाही ६ पिन दिलीय, तेवढं डोळ्यांनी बघून घ्यायचं."

"१०५० टीआय अजून स्वस्त मिळतंय, काकू."

"मिळणारच. ते २०१६ चं. एन्व्हिडियानं त्या पिढीला नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. आता २०२८ पर्यंत नुसते सुरक्षेचे अपडेट. १६५० पुढच्या पिढीचं, ते अजून चालू आहे. आणि १०५० टीआयचं नाव माझ्यापुढं काढू नकोस. मास्तरांच्या जावयाचं ऐकलं नाहीस का तू?"

मी भिंतीला रेलले. मास्तरांचा जावई म्हणजे गल्लीचा लाडका विषय. लग्नात त्यानं बुटांसाठी रुसून दाखवलं होतं तेव्हापासून.

"दिवाळसणाला आला होता. सासऱ्यांच्या कॉम्प्युटरला मीच कार्ड बसवून देतो म्हणाला. ऑनलाइन कुठूनसं तीन हजारांत १०५० टीआय, ४ जीबी. मास्तर कौतुकानं सगळ्यांना सांगत फिरले. आठ दिवसांनी माझ्याकडं सीपीयू. काही उघडलं की बंद पडतो. मी कार्ड बाहेर काढलं आणि बघितल्या बघितल्या कळलं. मागं निळं व्हीजीएचं भोक!"

"त्यात काय? आमच्या मॉनिटरलाही निळी पिनच आहे."

"मॉनिटरला असू दे. पण १०५० टीआयला व्हीजीए देतच नाहीत. त्या पिढीपासून एन्व्हिडियानं जुना अ‍ॅनालॉग सिग्नल काढूनच टाकला. मग मी जीपीयू-झेड लावलं. छोटं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्यानं नावाआधी कंसात चक्क 'फेक' छापलं. आत काय होतं माहितीये? २०१० च्या आसपासची चिप, जीटीएस ४५० च्या जातीची. तिच्या बायोसमध्ये नवं नाव कोंबलेलं. विंडोजला नाव सांगायचं १०५० टीआय, मेमरी सांगायची ४ जीबी, आणि खरी मेमरी भरली की कोसळायचं."

"जावयाला सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी मास्तरीणबाईंना. त्यांनी लेकीला. आता जावई ह्या गल्लीत आला की माझ्या दारावरून न जाता मागून वळसा घालून जातो."

एवढं ऐकून माझी फेरी वसूल झाली होती. पण चिरंजीव अडून बसले. "काकू, माझं खरंच ब्लेंडर आहे. थांबा, दाखवतो." मोबाइलवर त्यानं फोटो उघडला. गुलाबी पाकातलं, वर रंगीत दाणे पेरलेलं काहीतरी गोल.

"हा मेदूवडा का रे?" मी विचारलं.

"डोनट आहे तो," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम बदलला. "हे खरं आहे गं. ब्लेंडर शिकणारी बहुतेक पोरं पहिल्यांदा डोनटच करतात. खोटं बोलणाऱ्याकडं डोनट नसतो. किती वेळ लागला रे रेंडरला?"

"एका फोटोला जेवण होऊन अंघोळ झाली. अ‍ॅनिमेशन केलं तर सेकंदाला असे चोवीस फोटो."

काकू गप्प झाल्या. बोटांवर मोजत होत्या, म्हणजे हिशेब चालला होता.

"मग १६५० नाही. आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचं. सहाच हं. ह्यातही नावाचा घोळ आहे. जानेवारी २०२२ ला ३०५० आलं ते ८ जीबीचं, १३० वॉटचं, त्याला वायर लागते. फेब्रुवारी २०२४ ला त्याच नावानं ६ जीबीवालं आलं, ते ७० वॉटचं. त्याला खाचेतली वीज पुरते. दुकानात तुला म्हणतील, थोडे टाका आणि ८ वालं न्या, जास्त चांगलं. चांगलं आहेच, पण तुझ्या खोक्यात सुरूच होणार नाही. ह्या कार्डात किरणं मोजायला वेगळे भाग आहेत, ब्लेंडर ते वापरतं. १६५० मध्ये ते नाहीत, आणि मेमरीही चारच. मोठा सीन त्यात मावत नाही."

"किती?" हा माझा प्रश्न. पहिल्यापासून हाच होता.

"पंधरा ते वीसच्या मध्ये. बिलासकट, जीएसटी १८ टक्के त्यातच."

"काकू! अख्खं खोकं नऊ हजारांचं. आत्ताच तुम्ही कोंबडी नि मसाला म्हणालात!"

"ते एसएमपीएस आणि यूपीएसला म्हणाले. ते पैसे ह्या खोक्याबरोबर जातात. कार्ड खोक्याबरोबर जात नाही, ते काढून दुसऱ्यात बसतं. आणि हे खोकं फार दिवसांचं नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. तुमची चौथी. दोन वर्षांनी आठव्या-नवव्या पिढीचं ऑफिसातून निघालेलं असंच काहीतरी घ्याल, त्यात हेच कार्ड टाकायचं. सोबत रॅम ८ ची १६ कर, डीडीआर ३ जुन्या बाजारात स्वस्त मिळते. ब्लेंडरला ती लागेलच."

ह्या बाबतीत मला काकूंचं पटलं, आणि त्या म्हणाल्या म्हणून नाही. आमच्याकडं आधी वस्तू घ्यायची आणि मग तिच्यासाठी घर पाडायचं, अशी रीत आहे. फ्रिज घेतला तेव्हा दाराची चौकट काढली होती. काकू उलट्या बाजूनं आल्या. खोक्याला काय झेपतं ते आधी बघितलं, पोराला खरंच काय हवंय ते मग काढून घेतलं, आणि किंमत सगळ्यात शेवटी.

"इंटेलची आर्क कार्डं बरी मिळतायत, ए ३८०," चिरंजिवांनी शेवटचं घोडं दामटलं.

"त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय बोर्डात लागते. तुझ्या ह्या बोर्डात ती नाही. तिच्याशिवाय ती कार्डं लंगडतात. आरएक्स ६४०० पण नको. त्याला वायर लागत नाही खरी, पण ते चारच लेनवर चालतं, जुन्या खाचेत अजून मागं पडतं, आणि व्हिडिओ एन्कोड करायची सोयच त्यात ठेवलेली नाही. तुला अ‍ॅनिमेशनचा व्हिडिओ काढायचाय."

"आणि क्रिप्टोच्या खाणीत वापरलेली ती मोठी कार्डं? आरएक्स ५८०?"

"१८५ वॉट. पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न मॉनिटरचा निघाला. निळी पिन. नव्या कार्डाला एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट. काकू म्हणाल्या, एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घ्या, आत चिप असलेला, दोन-चारशेत मिळतो. त्यांनी घरातून एक जुनी पांढरी टोपी आणून दाखवली, डीव्हीआयवर बसवायची. तिच्या चपट्या पात्याभोवती चार काड्या. "ह्या चार काड्यांतून जुना सिग्नल यायचा. नव्या कार्डांना डीव्हीआय असलं तरी ह्या चार काड्यांची भोकंच नसतात. दुकानदार हीच गळ्यात मारतो. घ्यायची नाही."

"आणि कार्ड बसवल्यावर," त्या माझ्याकडं झुकल्या, आवाज उतरला, "मॉनिटरची वायर कार्डात घालायची. बँकवाल्या वहिनींच्या लेकीनं छोटं कार्ड बसवून घेतलं आणि वायर तशीच बोर्डाच्या भोकात ठेवली. चार महिने सगळ्यांना सांगत होती, कार्ड काही कामाचं नाही. मी वायर खालून वर केली. बस्स. तेव्हापासून वहिनी मला हळदीकुंकवाला विसरत नाहीत."

हे सगळं चाललेलं बघून आमचे हे चहाचा कप घेऊन बाहेर आले. भिंतीवर उघडं खोकं, त्याच्याभोवती तीन डोकी.

"काय ठरलं?"

"वीसच्या आत," मी म्हटलं.

ह्यांनी घोट गिळला. थोडा वेळ आतल्या वायरींकडं बघितलं. मग अगदी आशेनं विचारलं, "काकू, एवढं कार्ड टाकल्यावर माझं एक्सेल जोरात उघडेल ना? सकाळी चालू केलं की दहा मिनिटं गोल गोल फिरत बसतं."

काकूंनी ब्रशनं खालची चांदीच्या रंगाची जुनी हार्ड डिस्क ठोकली.

"त्याला कार्डाचा काही उपयोग नाही. तुम्हाला एसएसडी लागेल, भाऊ. अडीच इंची, साटाची. पण तिचे पैसे तुमच्या खिशातून. पोराच्या बजेटात हात घालायचा नाही."

चिरंजिवांनी तेवढ्यात पत्रा लावून टाकला.